पालातला मुक्काम आणि आमची मैना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. मी सातवी पास झालेली एक गृहिणी आहे. आजवर मंडळात मी हळदीकुंकवाच्या वेळी चहा गाळला, सतरंज्या घातल्या, वर्गणीच्या पावत्या फाडल्या. पण बोलायला कधी उभी राहिले नाही. आज मी होऊन अध्यक्षीणबाईंकडे दहा मिनिटे मागून घेतली. त्याचे कारण सांगते.

गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण चिखलदऱ्याच्या सहलीचे पत्रक वाचले. सातपुड्याच्या डोंगरात साडेतीन हजारांहून अधिक फूट उंचीवर, रानाच्या कडेला तंबूत दोन रात्री मुक्काम, आणि सकाळी घोड्यावरून रपेट, असा बेत आहे. पत्रक वाचून सगळ्यांना फार हौस वाटली. मग कोणीतरी विचारले, "तंबूत राहिलेली आहे का कोणी? घोड्यावर बसलेली?" सगळ्या हसल्या. एकीनेही हात वर केला नाही. माझ्या शेजारची मला म्हणाली, "काहून जी वहिनी, तुमी त काहीच नाही बोलून राहिल्या!" मी म्हटले, "मला काय माहीत त्यातले."

हे मी खोटे बोलले. माझ्या आयुष्याची पहिली नऊ-दहा वर्षे, दर वर्षातले सात महिने, मी तंबूत राहिले आहे. आम्ही त्याला पाल म्हणत असू. आणि घोडीच्या पाठीवर मी चालायला शिकण्याच्या आधी बसले.

मी मूळची भंडाऱ्याची नाही हे आपणांस ठाऊक आहे. यजमानांना जवाहरनगरला नोकरी लागली म्हणून मी इकडे आले. माझे माहेर सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यात. आमचे घर धनगराचे, मेंढ्या पाळणाऱ्यांचे. लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी गल्लीत कोणी सहज चेष्टेने म्हणाले, "पालात राहणारी माणसे ती, त्यांना घर काय कळणार!" ते माझ्याविषयी नव्हते, रस्त्यावरून चाललेल्या दुसऱ्याच कोणाविषयी होते. पण त्या दिवसापासून मी तोंड मिटले, ते आजवर. आज ते उघडते.

आमचा मुलूख कोरडा. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी, दिवाळीनंतर रानात गवताची काडी उरत नाही. म्हणून दिवाळी झाली की पाचसात बिऱ्हाडे मिळून एक वाडा होई आणि मेंढरे घेऊन कोकणच्या वाटेला लागे. लोणंद, शिरवळ, भोर असे मुक्काम करीत वरंधा घाट उतरून आम्ही महाडच्या बाजूला जात असू. तिकडे भात निघालेले असते, मेंढ्यांना चरायला बांध आणि माळ मोकळे असतात. शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या रात्रभर बसवून घेतात, कारण त्यांच्या लेंड्यामुताचे खत भाताला फार चांगले. त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतात. पावसाळ्यापूर्वी मात्र घाट चढून परत यावेच लागे. आमच्या मेंढ्यांना कोकणचा पाऊस सोसत नाही, चिखलात त्यांचे खूर सडतात.

गडीमाणसे पहाटे मेंढरे आणि कुत्री घेऊन आडरानाने पुढे जात. घर हलवायचे काम बायकांचे. घर म्हणजे काय, तर ताडपत्री, काठ्या, मेखा, बाजरीचे पोते, तवा, परात, हंडा-कळशी, घोंगड्या, आणि मेंढ्या कोंडायचे सुती दोरीचे जाळे. हे सारे घोडीच्या पाठीवर. त्याच्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकती जन्मलेली दोन कोकरे आणि सर्वांच्या वर घरातले सगळ्यांत लहान पोर. आमच्या घोडीचे नाव मैना. रंगाने कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची. मोठी नव्हती, आईच्या खांद्याइतकीच उंच होती.

ओझे लादणे ही एक विद्या आहे बायांनो. आधी खरारा करून पाठीवरची माती आणि काटेकुसळ काढायचे. मग घोंगडीची घडी, एक सुरकुती न राहील अशी. त्यावर खोगीर. मग दोन्ही बाजूंना सारखे वजन. एका बाजूला शेरभर जरी जास्त झाले तरी घोडी चार कोस वाकडी चालते आणि संध्याकाळी तिचा खांदा सुजतो. आई हाताने तोलूनच सांगायची की इकडे एक तांब्या जास्त झाला.

मुक्कामाची जागाही आईच ठरवी. पाणी जवळ हवे, पण अगदी पाण्याच्या काठी पाल ठोकायचे नाही. तिथे रात्री जनावर प्यायला येते. जागा किंचित उताराची हवी, म्हणजे अवकाळी पाऊस आला तर पाणी खाली जाते. वारुळे पाहायची, वाळलेल्या फांद्यांचे झाड डोक्यावर नाही ना ते पाहायचे, वारा कुठून येतो ते पाहून चूल मांडायची. मी दमलेली असे. आल्याआल्या बसायला पाहिले की आई म्हणायची, "आधी तिचं वझं उतर. तुला तहान लागली तर तू बोलशील. तिला बोलता येत न्हाई."

म्हणून पहिले काम मैनेचे. ओझे उतरायचे, तिला थोडी हिंडवून घाम जिरू द्यायचा, मग पाणी थोडेथोडे दाखवायचे. घोडे दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पिते, आणि गढूळ पाण्याला सहसा तोंड लावीत नाही. धापा टाकत असता तिला चंदी द्यायची नाही. घोड्याला माणसासारखी किंवा कुत्र्यासारखी ओकारी होत नाही. पोटात बिघडले तर ते बाहेर पडत नाही आणि पोटशूळ उठून जनावर दगावते. नीट थंड झाली की गवत, आणि असले तर तोबऱ्यात मूठभर हरभरे. पुढच्या पायांना आखूड दोरीचा पायबंद घालून ती पालाशेजारी चरत राही.

घाटमाथ्यावरचा मुक्काम मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. तिन्ही बाजूंना रान, खाली काळोखी दरी, थंडीने दात वाजत. एका रात्री मैना चरता चरता थांबली. दोन्ही कान एकाच दिशेला ताठ, आणि नाकातून जोराचा फुत्कार. कुत्री अजून गप्पच होती. आईने आबांना हलवले, गडी बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन उठले, आरडाओरडा केला. सकाळी पाण्याजवळ बिबट्याची पावले दिसली. त्या रात्री आमचे एकही कोकरू गेले नाही. घोडी उभ्याउभ्याच डुलकी घेते. आडवी होऊन झोपते ती थोडाच वेळ, आणि तीही भोवताली भय नाही अशी खात्री पटल्यावर. मैना आडवी झाली की आई म्हणायची, "आता आपुन बी झोपायचं."

आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला जड जाते.

मी नऊ वर्षांची होते, म्हणजे १९८९ सालची गोष्ट. खरारा आणि घोंगडीची घडी हे काम माझ्याकडे होते. एका पहाटे फार गारठा होता. मी खरारा न करताच घोंगडी टाकली आणि आईने विचारले तेव्हा "केला" म्हणून सांगितले. संध्याकाळी खोगीर काढले तो मैनेच्या पाठीवर तळहाताएवढे कातडे सोलून निघालेले. घोंगडीखाली एक काटेरी बी राहिले होते. दिवसभर सव्वामण ओझ्याखाली ते तिला टोचत होते आणि ती चालत होती. घोड्याची पाठ लागली म्हणजे ती भरून येईपर्यंत खोगीर घालता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराचे ओझे आईने डोक्यावर घेतले. थोडे दुसऱ्या बिऱ्हाडांनी वाटून घेतले, पण त्यांच्याही घोड्या भरलेल्या होत्या. धाकटा भाऊ माझ्या कडेवर. मैना रिकामी मागून चालत होती. असे बारा दिवस. आई मला एका शब्दाने रागावली नाही. फक्त रोज मुक्कामाला पोचले की कडुनिंबाचा पाला उकळलेले पाणी माझ्या हातात देई. मी जखम धुवायची, हळद-तेल लावायचे, माश्या वारायच्या. पहिले दोन दिवस मैना मला जवळ येऊ देईना. तिसऱ्या दिवशी तिने मान माझ्या खांद्यावर ठेवली. मला तेव्हा जे रडू आले तसे पुढे सासरी येतानाही आले नाही.

परत गावी आलो तेव्हा आई आबांना म्हणाली, "औंदा या पोरीला म्हातारीपाशी ठेवा." मला आजीजवळ ठेवले आणि वाडा माझ्यावाचून गेला. तोवर माझी शाळा दिवाळीला सुटायची ती पावसाळ्यात भरायची. आता ती बारमाही झाली. मी सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा लांब होती, ती राहिली.

मनात मात्र मी धरून बसले की घोडीची पाठ लावली म्हणून आईने मला काढून टाकले. पुष्कळ वर्षांनी, मला दोन मुले झाल्यावर, एकदा धीर करून मी तिला विचारले. ती म्हणाली, "येडी का खुळी तू! बारा दिस तू तिची पाठ धुतलीस. एक दिस चुकली न्हाईस. मला तवा कळलं, हिला जे लावून दिलं ते ही पुरं करंल. मग शाळंतच का घालू नये?" मी शिकले ती मैनेच्या पाठीवरच्या जखमेमुळे, हे मला त्या दिवशी समजले.

त्या घोड्यांना लोक "धनगरी तट्टू" म्हणून हिणवत. पण २०२४ च्या आरंभी वर्तमानपत्रांत बातमी आली की कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने भीमथडी घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. भीमेच्या थडीचा, म्हणजे काठचा, म्हणून भीमथडी. मराठ्यांच्या फौजांत याच काटक, चपळ, थोड्या चाऱ्यावर टिकणाऱ्या घोड्यांचा लौकिक होता. पुढे ही जात नाहीशी झाली असेच लोक धरून चालले होते. ती टिकली पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या बाजूच्या मेंढपाळांच्या वाड्यांवर. म्हणजे ओझी लादणाऱ्या आणि खरारा करणाऱ्या बायकांच्या हाताखाली. मैनेचा काही दाखला माझ्याजवळ नाही. पण ती त्याच मुलखातली, त्याच ठेवणीची होती. आता पुष्कळ वाडे सामान टेंपोतून नेतात, तरी घोडी घेऊन चालणारे वाडे अजून दिसतात. २०२५ साली अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. त्यांच्या तसबिरीला हार घालताना, त्यांच्याच समाजातल्या या बायकाही एकदा आठवाव्यात असे मला वाटते.

आता आपल्या सहलीविषयी चार गोष्टी सांगते. मोडता घालायचा नाही. मी स्वतः नाव दिले आहे.

पहिली गोष्ट. घोड्यावर बसण्याआधी मालकाला खोगीर उचलून पाठ दाखवायला सांगावे. पाठ लागलेली असेल, पाय लंगडत असेल, तर पैसे परत मागू नयेत, पण बसूही नये. आपण दहा जणींनी असे केले की अकराव्या दिवशी मालक आपोआप त्या घोड्याला विश्रांती देतो.

दुसरी गोष्ट. जाणते लोक सांगतात की घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे वाहू नये. लहान तट्टू अडीचशे किलोचे धरले तर पन्नास किलो झाले, आणि त्यातच खोगीरही आले. आपल्यापैकी कितीजणी यात बसतात ते जिचे तिने पाहावे. (हशा.) हसू नका, मीही बसत नाही. म्हणून मोठे घोडे असेल तर बसू, नाहीतर लगाम धरून शेजारून चालू. त्यातही गंमत आहे.

तिसरी गोष्ट. तंबूजवळ घोडी बांधतील तिथे मुलांना मागच्या बाजूने जाऊ देऊ नये. घोड्याला मागचे अगदी जवळचे दिसत नाही; ते दचकून लाथ मारते. बाजूने, बोलत बोलत जावे. आपल्या डब्यातले शिळे अन्न, पोळ्यांचे तुकडे, लाडू प्रेमाने खाऊ घालू नयेत. पोटशुळाचे मघाशी सांगितलेच आहे.

चौथी गोष्ट निघतानाची. आई पाल उठवल्यावर चुलीवर पाणी ओतून राखेत हात घालून पाही. हाताला चटका लागला तर पुन्हा पाणी. लीद गोळा करून शेतात टाकी, मेखांची भोके पायाने बुजवी, आणि खराट्याने जागा झाडी. मी एकदा म्हटले, "आपण तर चाललो, कशाला झाडायचं?" ती म्हणाली, "मागून येनाराचं घर हाय ते."

आता शेवटचे, ज्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले.

आपल्याकडे धान निघाले की कच्छकडचे रबारी उंट आणि मेंढरे घेऊन येतात, बांध्यांत उतरतात, हे आपण सगळ्याच पाहतो. आमच्या घोडीवर जे असे तेच त्यांच्या उंटावर असते: खाट, भांडी, कोकरे, आणि वर पोर. मागच्या हिवाळ्यात त्यांच्यातली एक बाई काळ्या ओढणीची, कळशी घेऊन आपल्या गल्लीत आली. बरोबर सातआठ वर्षांची मुलगी होती. दोन दारांतून तिला "पुढे जा" असे उत्तर मिळाले. मी नावे घेत नाही, कारण तिसरे दार माझे होते. माझ्या अंगणात नळ चालू होता, मी झाडांना पाणी घालीत होते. शेजारीपाजारी पाहत होते. तिला पाणी दिले तर ही त्यांच्यातलीच असे कोणी म्हणेल, असे माझ्या मनात आले. मी मान खाली घातली. ती मुलगी माझ्याकडे पाहत उभी राहिली आणि मग आईमागून निघून गेली.

बायांनो, माझी आई अशीच कळशी घेऊन कितीतरी दारांत उभी राहिली होती, आणि मी तिचा पदर धरून. महाडकडच्या एका म्हातारीने आम्हांला आधी गूळ दिला होता आणि मग पाणी. त्या गुळाची चव माझ्या जिभेवर आहे, आणि मी झाडांना पाणी घालीत राहिले.

रात्रभर झोप आली नाही. सकाळी दोन कळशा भरून मी बांधीत गेले. ती माणसे पहाटेच निघून गेली होती. चुलीची राख ओली केलेली होती. जागा झाडलेली होती.

माझे मागणे मोठे नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्या गल्लीच्या टोकाला मंडळाच्या वतीने एक रांजण असावा आणि तो पाळीपाळीने भरला जावा. पहिला महिना माझा. आणि मंडळाला ही कल्पना पसंत पडली नाही तरी माझ्या दाराशी तो राहीलच. आता मला कोणी काय म्हणेल याची भीती उरली नाही, कारण जे म्हणायचे ते मीच आज सर्वांपुढे म्हटले आहे.

चिखलदऱ्याला पहिल्या रात्री तंबूत कोणाला झोप आली नाही तर मला हाक मारा. घोडी आडवी झाली का ते बाहेर जाऊन पाहून येईन. ती झोपली असली तर आपणही खुशाल झोपू.